मोर जमतो, माणूस जमत नाही

डिझाईनवाला · ९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. चादरी-टॉवेलच्या धंद्यात डिझाईन काढून अठरा वर्षं झाली. आधी ग्राफ पेपरवर चौकोन रंगवायचो, आता तेच कॉम्प्युटरवर. मोर, हत्ती, कोयरी, वेलबुट्टी, सांगाल ते डोळे मिटून काढतो. माणूस काढायची वेळ मात्र कधी आली नाही.

मुलगी सातवीत आहे, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचंय. परवा स्मरणचित्राचा सराव चालला होता, विषय भाजी बाजार. म्हणाली, "पप्पा, बसलेली भाजीवाली तेवढी काढून द्या की." ऐटीत पेन्सिल घेतली, काढली. तिनं कागद लांब धरून बघितला आणि विचारलं, "ही बसलीय का पुरलीय?"

खरं सांगतो, पुरलेलीच होती. कमरेखाली पदर, टोपली आणि भेंड्या काढून मी मोकळा झालो होतो, पाय कुठं गेले याचा पत्ता नाही. त्या रात्री हट्टानं उभी माणसं काढून बघितली. सगळी हँगरला अडकवलेल्या शर्टासारखी. हात खिशात नाहीतर पाठीमागे, कारण पंजा येत नाही.

वय ४३. शिफ्टमुळं क्लास जमणार नाही. जेवणानंतर अर्धा-पाऊण तास काढू शकतो. सुरुवात कुठून करू? आणि या वयात हात वळतो का, तेही खरंखरं सांगा.

सातरस्ता · ९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

दादा, मोर काढणारा हात आहे, वळेल की. मी दीड वर्ष शिकतोय, टॅबवर. फोनवर टायमर लावा. ३० सेकंदांची २० चित्रं, मग दोन मिनिटांची पाच, बास. नाक, डोळे, बोटं काहीच काढायचं नाही. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग ज्या बाजूला वळलंय ती एक लांब रेघ. तिच्यावर छातीचा पिंजरा अंड्यासारखा, कमरेचा भाग डब्यासारखा, मग हातापायाच्या रेघा. वेळ संपला की पान उलटायचं, आवडलं असलं तरी. याला जेश्चर म्हणतात. पोजेसचे फोटो नेटवर फुकट मिळतात.

पाटीपेन्सिल · १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. सातरस्ता यांनी सांगितलं ते चांगलं आहे, पण नवख्या माणसाच्या बाबतीत ते पाया घालायच्या आधी कळस चढवण्यासारखं होतं. ज्याची बाई जमिनीत गेली आहे त्याला आधी माप पाहिजे.

आपलं माप म्हणजे डोकं, टाळूपासून हनुवटीपर्यंत. साधारण मोठा माणूस साडेसात डोकी भरतो. रुबाबदार दिसावा म्हणून चित्रात आठ घेतात. वर्षाचं मूल चार डोकी, पाच-सहा वर्षांचं साडेपाचच्या आसपास. माझे विद्यार्थी लहान मूल म्हणून छोटा माणूस काढायचे, म्हणजे आईच्या कडेवर बुटका काका.

उभ्या माणसाचा मध्य कमरेत नसतो, जांघेपाशी असतो. नवखा माणूस हमखास कमरेत मध्य धरतो आणि पाय आखूड करतो. हात खाली सोडला की कोपर कमरेशी येतं, मनगट जांघेशी, बोटं अर्ध्या मांडीपर्यंत. पाऊल तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत असतं, लावून बघा, पटणार नाही. पंजा हनुवटीपासून केस सुरू होतात तिथपर्यंत. आणि डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर, कपाळावर नव्हेत.

आता तुमची भाजीवाली. मांडी घालून बसलेलं माणूस जमिनीपासून टाळूपर्यंत पावणेचार ते चार डोकी भरतं. तुमची किती भरली ते मोजून सांगा.

डिझाईनवाला · १० नोव्हेंबर, रात्री १०:१०

बाई, अडीच.

आज शिंप्याची टेप घेऊन घरातल्यांची मापं काढली. बायको भिंतीला टेकून उभी राहिली खरी, पण "ही बातमी शेजारी जाता कामा नये" या अटीवर. उंची १५५ सेंटिमीटर, डोकं २१. म्हणजे ७.४. मांडी घालून बसली तर ८०, म्हणजे ३.८. मुलगी १४३, डोकं तिचंही २१, भागाकार ६.८. तिला सांगितलं तुझं डोकं आईएवढंच आहे, तर ते ती आता दर अर्ध्या तासाला आईला ऐकवतेय.

घोळ कुठं होतो ते पण सापडलं. मी डोक्यापासून सुरू करतो, डोकं मोठं येतं, कागद संपत आला की राहिलेला माणूस उरलेल्या जागेत कोंबतो. चादरीत असं होत नाही, तिथं किती धागे आहेत ते आधी माहीत असतं.

पाटीपेन्सिल · १० नोव्हेंबर, रात्री १०:३५

मग इथंही आधी धागे मोजा. टाळू कुठं आणि टाच कुठं, दोन खुणा. मध्यावर तिसरी. मगच डोकं. बसलेल्या बाईचं आधी दोन गुडघे आणि बूड कुठं टेकलंय ते जमिनीवर आखा, धड नंतर. आणि कागद टेबलावर आडवा ठेवून काढू नका, पाटावर क्लिप लावून तिरका उभा धरा. आडव्या कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो, आणि उभा करून बघितलं की माणूस ताणलेला निघतो.

बोर्डपेंटर · ११ नोव्हेंबर, दुपारी २:४०

अडीच डोक्याची भाजीवाली वाचून हसू आलं की ओ.

मी सिनेमाचे बोर्ड रंगवायचो. फ्लेक्स आलं अन् धंदा बसला, जाऊ द्या ते. आपल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेनसुद्धा मुंबईत सिनेमाचे बोर्डच रंगवत होते, म्हणून आमच्या धंद्याला कुणी हसायचं नाही.

तर दहा फुटी तोंड आम्ही चौकटी मारून काढायचो. फोटोवर चौकटी, बोर्डावर चौकटी, तुमच्या ग्राफसारखंच. लोक खाली उभारून म्हणायचे, काय हुबेहूब काढलाय. एकदा उस्तादानं मला चौकात उभा केला, म्हणाला समोरचा पानवाला काढ. आलाच नाही बे. फोटो नाही, चौकट नाही, हात लटपटालाय. अठरा फुटी हिरो रंगवणारा गडी अन् पानवाला येईना.

मग त्यानं मला महिनाभर रोज पहाटे मार्केट यार्डात पाठवला. कांद्याचा सीझन होता. म्हणाला, काढू नको, आधी हमाल बघ. पोतं पाठीवर आलं की माणसाची मान पुढं जाती, पाठ आडवी होती, गुडघा सरळ होतच नाही. पाऊल सबंध टेकवून चालतो, टाच उचलून चालला तर पडंल. पोतं उतरवलं की तोच माणूस वीतभर उंच. डोकी मोजून हे कसं यायचं? बाईंनी राग मानू नये.

अन् खोडरबर घरी ठेवा. बॉलपेन घ्या. चुकली रेघ तर चुकली, शेजारी दुसरी मारा.

पाटीपेन्सिल · ११ नोव्हेंबर, सायंकाळी ६:०५

राग कसला, महिनाभर नुसतं बघायला लावणारा उस्ताद मिळाला हे तुमचं भाग्य. पण एक लक्षात घ्या, हमाल वीतभर बुटका झाला हे तुम्हाला दिसलं, कारण तो उभा असताना केवढा होता हे डोळ्यात बसलं होतं. बॉलपेनचं मात्र मला पटत नाही. टूबी पेन्सिल, हलका हात.

सातरस्ता · ११ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

बाई विरुद्ध उस्ताद. मी चहा घेऊन बसलोय.

हाडवैद्य · १२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चित्रातलं ओ की ठो कळत नाही. पण दिवसभर माणसं कशी उभी राहतात हेच बघतो.

डिझाईनवाले, तुमची माणसं हँगरला अडकल्यासारखी दिसतात कारण ती दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी असतील. रांगेत तसं कुणी उभं राहत नाही. माणूस एका पायावर भार टाकतो, दुसरा गुडघा ढिला सोडतो. आरशासमोर करून बघा. उजव्या पायावर भार घ्या. उजवीकडचं कमरेचं हाड वर जातं, डावीकडचं उतरतं. आता खांदे बघा, उजवा खाली आलेला असतो. कमरेची रेघ एका बाजूला कललेली, खांद्याची उलट बाजूला. बरगडी आणि कमरेमधली जागा उजवीकडे चिमटली जाते, डावीकडे ताणली जाते.

दुसरी खूण, गळ्याखाली दोन हाडांच्या मध्ये खळगा असतो. तिथून ओळंबा सोडला तर तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ पडतो. तुमच्या चित्रात तो दोन्ही पावलांच्या बाहेर पडत असेल आणि माणूस कशाला टेकलेला नसेल, तर तो पडणार आहे असं समजा. माझ्याकडे येईल.

हातात किंवा अंगावर वजन असलं तर त्या वजनासकट तोल धरायचा. कडेवर मूल घेतलेली बाई उलट्या बाजूला कलते. पुढं ओझं असेल तर धड मागं जातं. वरच्या हमालाचं ओझं पाठीवर आहे, म्हणून मान पुढं.

मूर्तीकाम · १२ नोव्हेंबर, रात्री ११:००

हाडवैद्य, हे आमच्याकडं घरात शिकवतात, फक्त शब्द वेगळे. विठोबा बघा. समचरण, दोन्ही पाय सारखे, कंबर सरळ, खांदे सरळ, हात कटेवर. भार दोन्हीकडं सारखा, म्हणून तो हलत नाही, युगानुयुगं उभा आहे असं वाटतं. आणि बासरीवाला कृष्ण काढा. एका पायावर भार, दुसरा पाय पुढून आडवा, कंबर एकीकडं, धड दुसरीकडं, मान परत तिसरीकडं. त्रिभंग. एकच देव, उभं राहायची तऱ्हा बदलली की स्वभाव बदलतो.

डिझाईनवाले, एका कागदावर ही दोन उभी राहणी काढा, नुसत्या काड्यांनी. मुकुट, दागिने नकोत.

मापाचं म्हणाल तर आमच्यात ताल धरतात. देवाची मूर्ती नवताल, म्हणजे नऊ ताल. एक ताल बारा अंगुळं, एकूण १०८.

पाटीपेन्सिल · १३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

इथं गोंधळ होईल म्हणून विचारते. मी साडेसात सांगितले, तुम्ही नऊ म्हणता. देव आहे म्हणून दीड डोकं जास्त?

मूर्तीकाम · १३ नोव्हेंबर, दुपारी १:१०

थोडं देव म्हणून, पण बरंचसं मोजायच्या पद्धतीनं. ताल म्हणजे चेहरा, केस सुरू होतात तिथून हनुवटीपर्यंत. टाळूपर्यंत नाही. माप लहान, म्हणून आकडा मोठा.

चेहरा १२ अंगुळं, मान ४, गळ्यापासून छाती १२, तिथून बेंबी १२, बेंबीपासून जांघ १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, घोट्याखालचं पाऊल ४. बेरीज करा, १०८ येते. आता जांघेखालचं सगळं मिळवा, २४ आणि ४ आणि २४ आणि ४, झाले ५६. वरचे ५२. केसांची उंची वरच्यात धरली की जांघ जवळजवळ मध्यावरच आली. तुम्ही सांगितलं तेच.

पाटीपेन्सिल · १३ नोव्हेंबर, दुपारी १:२५

तुमच्यासारखे दोन विद्यार्थी मिळाले असते तर मी आणखी पाच वर्षं शिकवलं असतं.

सातरस्ता · १३ नोव्हेंबर, दुपारी १:४०

चित्रकलेचा धागा होता, गणिताचा तास झाला. बरं कुणी कागदाचं सांगा. टॅब सोडून मला पण कागदावर यायचंय, पण चांगलं स्केचबुक घेतलं की त्यात वाईट चित्र काढायची भीती वाटते.

बोर्डपेंटर · १३ नोव्हेंबर, दुपारी ३:००

चांगलं घेऊच नको की. छापखान्यात पेपरच्या रिळाचा शेवट उरतो, न्यूजप्रिंट, किलोवर देतात. नाहीतर ऑफिसातले पाठकोरे. रोज वीस चित्रं काढायची म्हणल्यावर कागद फुकटातलाच पाहिजे.

डिझाईनवाला · ३० नोव्हेंबर, रात्री ११:१५

मंडळी, तीन आठवडे झाले. पाठकोरे कागद कारखान्यात ढिगानं पडलेले असतात, ते शिवून वही केलीय. आठवड्यात पाच दिवस तरी बसतो. विठोबा पहिल्या दिवशी जमला, कृष्णाला आठवडा लागला. आता रांगेत उभं राहिलं की लोकांच्या कमरेकडं बघतो आणि बायको कोपरानं ढोसते.

गेल्या रविवारी हिंमत करून एसटी स्टँडवर गेलो. फलाटाच्या बाकावर एक म्हातारबाबा टोपी तोंडावर घेऊन झोपले होते, पाय माझ्याकडं. पाय केवढे! डोकं पार लहान, दोन पावलांच्या मधून दिसालेलं. हात म्हणत होता पाऊल एवढं मोठं नसतं, डोळा म्हणत होता आहे. हाताचं ऐकलं आणि चित्र फसलं.

मग पलीकडं एक बाई पिशवीवर डोकं टेकून बसली होती, तिला काढत होतो. इरकल साडी, गुडघा उभा, त्यावर कोपर. जमत पण होतं. तेवढ्यात एक जण मागं येऊन उभा राहिला. तिचा भाऊ. "काय लिवालाव?" म्हणाला. मी वही मिटली. हीच चूक झाली बहुतेक, लपवल्यासारखं झालं. त्यानं वही मागितली, बघितली, आवाज चढला. चार लोक जमले. शेवटी मी पान फाडून त्याच्या हातात दिलं, माफी मागितली आणि पहिली दिसली ती बस पकडली. ती होटगीची निघाली. माझं घर विजापूर रोडला.

तेव्हापासून बाहेर काढलेलं नाही. फोटोवरूनच करतोय. तुम्ही लोक बाहेर कसं काढता?

सातरस्ता · ३० नोव्हेंबर, रात्री ११:३०

म्हणून म्हणत होतो, फोटोच बरे. फोटो मारायला येत नाही.

बोर्डपेंटर · १ डिसेंबर, सकाळी १०:००

म्हातारबाबाचं आधी सांगतो. पाय समोर आले की तो पाय आहे हे विसरायचं. पावलाचा तळवा केवढा, त्याच्यामागं गुडघ्याचा उंचवटा केवढा दिसतो, त्यामागं पोट. एकामागं एक ठेवलेली गाठोडी समजा, पुढचं मागच्याला झाकतंय. पेन्सिल हात ताठ करून धरा, एक डोळा मिटा, पाऊल मोजा, डोकं मोजा. पाऊल डोक्याच्या दुप्पट निघालं तर दुप्पट काढा, लाजू नका.

अन् फोटोवर राहू नका. फोन जवळून धरला की नाक मोठं अन् पाय आखूड येतात. तुम्हाला वाटतंय तुम्ही चुकालाव, चुकलेला असतो फोटो.

विडीघरकुल · १ डिसेंबर, दुपारी ४:२०

मी नुसती वाचत असते, पहिल्यांदा लिहितेय. दादा, राग मानू नका, पण त्या भावाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. झोपलेल्या बाईला कुणी निरखून बघत बसलाय, तिला माहीतच नाही. तुमच्या मनात पाप नव्हतं हे तुम्हाला ठाऊक, त्याला कसं कळणार?

आमच्या घरी आई विड्या वळते. लहानपणापासून आमच्याकडं फोटो काढायला लोक यायचे. न विचारता काढायचे आणि जायचे. आई एकदा तेलुगूत म्हणाली, माझा हात घेऊन गेले, मला दाखवला पण नाही. ते माझ्या डोक्यात बसलंय. मी चित्र काढायला लागल्यावर पहिल्यांदा तिलाच विचारलं.

ती सूप मांडीवर घेऊन बसते. एक पाय दुमडलेला, दुसरा सूप टेकवायला जरा पुढं. पाठीला पोक. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं कापते, चिमूटभर तंबाखू घालते, वळते, टोक दुमडते, दोरा गुंडाळते. हे सगळं मानेखाली. मान हलत नाही, खांदेही नाहीत. मी आधी चेहरा काढायचे आणि हात उरकायचे. तिनं वही बघितली, म्हणाली अंगठा असा सरळ नसतो, सरळ अंगठ्यानं विडी वळत नाही. हात माझ्यासमोर धरला. अंगठ्याचं टोक खरंच मागं वाकलंय, इतक्या वर्षांच्या दाबानं. जन्मापासून त्या हाताचं खाल्लं, मला दिसलं नव्हतं.

मग मी पंजा वेगळा काढायला लागले. सगळी बोटं आधी एकत्र, हातमोज्यासारखी, अंगठा तेवढा वेगळा. बोटं नंतर सुटी करायची. ती आता मी वही घेतली की विचारते, आज कुठला हात पाहिजे.

तुम्ही घरापासून सुरू करा. बाहेर काढायचं तर जो रोज तिथं बसतो त्याला काढा, चांभार, इस्त्रीवाला, फुलवाली. विचारा, काढा, दाखवा. दाखवलं की शेजारचा म्हणतो, माझं पण काढा.

डिझाईनवाला · १ डिसेंबर, रात्री १०:००

ताई, राग कसला. बरोबर आहे तुमचं. पान फाडून दिलं तेव्हा मला माझं चित्र गेल्याचं वाईट वाटत होतं, हे आता लिहिताना लाज वाटते.

पाटीपेन्सिल · २ डिसेंबर, सकाळी ७:००

विडीघरकुल, पंजाचं अगदी बरोबर. त्यात एक भर, हाताच्या पाठीकडून बघितलं तर मधलं बोट गाठीपासून पंजाच्या जवळजवळ निम्मं असतं. तळहाताकडून तेच बोट आखूड दिसतं. मुलं दोन्हीकडून सारखं काढतात.

आणि साडीचं कुणी बोललं नाही म्हणून सांगते, कारण पुस्तकातली माणसं उघडी असतात आणि आपल्याला काढायची असतात लुगड्यातली. साडीच्या चुण्या मोजत बसू नका. कापड अंगाला कुठं टेकलंय ते शोधा. खांदा, छाती, कमरेचं हाड, बसलेली असेल तर गुडघा. तिथून घड्या निघतात आणि लोंबतात. दोन टेकलेल्या जागांच्या मध्ये कापड ताणलेलं असेल तर सरळ, सैल असेल तर झोळीसारखं. गुडघा कुठं आहे हे ठाऊक नसेल तर साडी नुसती पोत्यासारखी पडते. तुमच्या भाजीवालीचे पाय तिथंच हरवले होते. आधी पाय काढा, मग झाका.

हाडवैद्य · २ डिसेंबर, रात्री ९:४०

मांडी घातली की कमरेचं हाड मागं कलतं, म्हणून पाठीला खालून बाक येतो. पाठ ताठ काढली तर ती बाई योगासनाला बसल्यासारखी दिसेल. दिवसभर भाजी विकणारी अशी बसत नाही.

डिझाईनवाला · १८ जानेवारी, रात्री ११:४०

बरेच दिवसांनी आलो. दरम्यान इस्त्रीवाल्याला नऊ वेळा काढला. तो आता इस्त्री फिरवताना मध्येच थांबतो आणि विचारतो, असा हात चालेल का. थांबला की भार दोन्ही पायांवर येतो आणि पोज बिघडते, पण त्याला सांगवत नाही.

गड्ड्याला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेलो होतो. तैलाभिषेकाच्या दिवशी सात मानाच्या काठ्या, म्हणजे उंच नंदीध्वज, निघाल्या. लहानपणापासून बघतोय, कधी काठीच्या टोकावरून नजर खाली आली नव्हती. या वेळी काठी सोडून काठी पेलणाऱ्यालाच बघत होतो. हाडवैद्यांनी सांगितलं होतं, ओझं पुढं असेल तर धड मागं जातं. पांढऱ्या बाराबंदीत तो माणूस, एवढी उंच काठी अंगाशी, छाती मागं, हनुवटी वर, पाय फाकलेले, गुडघे किंचित मोडलेले. काठी कलायला लागली की तो हातानं ओढत नाही, आख्खा माणूसच काठीखाली सरकतो. दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं. हर्र बोला हर्र चाललेलं, माझ्या पाठीत कुणाचं तरी कोपर, आणि मी खिशातल्या वहीत बॉलपेननं रेघा मारतोय. बाई, माफ करा, पेन्सिलीचं टोक गर्दीत मोडलं.

पंधरा-सोळा झाली. त्यातली बारा वाया. एकात गळ्याचा खळगा, काठी आणि पाऊल यांचा हिशेब लागला. नाक नाही, डोळे नाहीत, पण माणूस उभा आहे. फोटो जोडलाय. चौकातल्या एका दुकानदारानं बघितलं, म्हणाला, हा अमक्याचा पोरगा आहे, काठी घेताना असाच मागं झुकतो. चेहरा काढलेला नसताना!

मुलीला दाखवला. तिनं कागद लांब धरला, मी श्वास रोखून. म्हणाली, "उभाय." आणि तिची वही पुढं केली. भाजीवाली होती, तिनंच काढलेली. पदराच्या खालून एक पाऊल बाहेर आलेलं, चांगलं मोठं, अंगठा वर. पावणेचार डोकी, मी गुपचूप मोजली.

पाटीपेन्सिल · १९ जानेवारी, सकाळी ६:५०

मुलीचं चित्रही टाका.

बोर्डपेंटर · १९ जानेवारी, सकाळी ११:३०

काठीवाला भारी. पण त्याचे पाय घोट्यापाशीच संपालेत की ओ. पावलं कुठंयत?

डिझाईनवाला · १९ जानेवारी, सकाळी ११:४५

गर्दीत दिसली नाहीत.

बोर्डपेंटर · १९ जानेवारी, सकाळी ११:५०

पुढच्या गड्ड्याला माझ्यासोबत या. खाली बसायची जागा मला माहितीय.